तीनच जलरंगांवर काम करायचे असेल, तर लाल, पिवळा आणि निळा नेमके कोणते घ्यावेत?

ओला कागद

नमस्कार. मी गेले दीड वर्ष जलरंगांत काम करते आहे आणि आतापर्यंत बारा वड्यांच्या साध्या पेटीवर माझे भागत होते. वड्या संपत आल्या तेव्हा पुन्हा बारा रंग घेण्याऐवजी चांगल्या प्रतीच्या तीनच ट्यूब घ्याव्यात आणि बाकीचे सगळे रंग मिसळून करावेत, असे ठरवले. लाल, पिवळा आणि निळा हे प्राथमिक रंग, हे शाळेपासून पाठ असल्यामुळे कॅडमियम रेड, कॅडमियम यलो आणि अल्ट्रामरीन अशा तीन ट्यूब आणल्या.

नारिंगी उत्तम झाला. इतका झळझळीत नारिंगी माझ्या जुन्या पेटीतही नव्हता. हिरवा मात्र शेवाळी होतो, आणि जांभळ्याने तर माझी पुरती फजिती केली. फिकट जांभळ्या फुलांचा एक गुच्छ रंगवायला बसले होते. अल्ट्रामरीनमध्ये लाल घालत गेले, तसतसा बशीतला रंग जांभळा होण्याऐवजी आधी करडा आणि मग विटकरी होत गेला. पाणी वाढवले, निळा वाढवला, ब्रश तीनदा स्वच्छ धुऊन नव्याने सुरुवात केली, तरी कागदावर उमटला तो जखमेवर धरलेल्या खपलीसारखा डाग.

मला विचारायचे आहे ते असे, की मिश्रण करण्यात माझी काही चूक होते आहे की रंगांची निवडच चुकली? तीनच ट्यूब ठेवायच्या असतील तर कोणत्या ठेवाव्यात? आणि सायन (हिरवट निळा), मजेंटा (किरमिजी) व पिवळा हेच खरे प्राथमिक रंग असे जे वाचनात येते, ते छपाईपुरतेच खरे आहे की जलरंगांनाही लागू पडते?

दोन भांडी

मिश्रण करण्यात आपली काहीही चूक नाही. त्या तीन ट्यूबमधून स्वच्छ जांभळा निघणे शक्यच नव्हते, आणि त्याचे कारण ट्यूबमधल्या रंगद्रव्यांतच आहे.

रंगद्रव्यावर पांढरा उजेड पडतो तेव्हा त्यातला काही भाग ते गिळते आणि उरलेला परत पाठवते. दोन रंग मिसळले की दोघेही आपापला वाटा गिळतात आणि दोघांच्याही तावडीतून जे सुटते तेवढेच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचते. आता आपल्या जोडीचा हिशेब मांडून पाहा. जांभळा दिसायचा असेल तर एका टोकाचा निळा-जांभळा आणि दुसऱ्या टोकाचा लाल असे दोन्ही किरण सुटले पाहिजेत आणि मधला हिरवा तेवढा गिळला गेला पाहिजे. कॅडमियम रेड हिरवा तर गिळतेच, पण निळा-जांभळाही जवळजवळ सगळा गिळून टाकते. अल्ट्रामरीन निळा-जांभळा सोडते, पण लालाचा बराचसा भाग स्वतःकडे ठेवते. एकाने राखलेले दुसऱ्याने खाल्ले, आणि बशीत राहिला तो काळपट विटकरी. हिरव्याचीही तीच गत झाली, कारण अल्ट्रामरीनमधून हिरवा किरण मुळात फारच थोडा परत येतो, आणि जो किरण सुटलाच नाही तो, पिवळा कितीही घातला तरी, येणार कुठून? नारिंगी मात्र सुरेख झाला, कारण आपले लाल आणि पिवळे दोन्ही रंग लाल किरण मोकळेपणाने सोडतात.

यातच आपल्या शेवटच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. पांढऱ्या कागदावरची छपाईची शाई आणि पांढऱ्या कागदावरचा पारदर्शक जलरंग यांचे गणित एकच आहे. तीनच रंगांवर जास्तीत जास्त छटा मिळवायच्या असतील तर त्या तिघांनी गिळण्याचे काम आपापसांत नीट वाटून घेतले पाहिजे: पिवळ्याने निळा गिळावा, मजेंटाने हिरवा गिळावा आणि सायनने लाल गिळावा. आपण शाळेत शिकलेला लाल हा एकटाच निळा आणि हिरवा दोन्ही गिळतो, म्हणजे तो दोघांचे काम आधीच उरकून बसलेला असतो आणि पुढच्या मिश्रणाला त्याच्यात जागा उरत नाही.

आता एक छोटा प्रयोग अवश्य करा, कारण मला स्वतःला तो पाहीपर्यंत हे सारे पुस्तकी वाटत होते. गुलाबी-किरमिजी क्विनॅक्रिडोन रोजचा एक ओला ठिपका बशीत ठेवा आणि ब्रशच्या टोकाने त्यात लिंबू छटेचा पिवळा थोडा थोडा ओढत जा. चार-पाच वेळा ओढल्यावर तो गुलाबी आपल्या डोळ्यांदेखत लालभडक होतो, अगदी आपल्या कॅडमियम रेडच्या जवळ जातो, आणि आणखी पिवळा मिळाला की शेंदरी होतो. प्राथमिक रंग म्हणजे इतर रंगांपासून तयार न होणारा रंग, अशी व्याख्या आपण सगळ्यांनी घोकलेली असते. त्या व्याख्येने पाहिले तर लाल हा प्राथमिक ठरतच नाही, तो मिसळून होतो. उलट लाल रंगापासून ती किरमिजी छटा करून दाखवा म्हटले तर कोणालाही जमणार नाही.

मग लाल-पिवळा-निळा हे आले कुठून, असे कोणी विचारील. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याकोब क्रिस्टोफ ल ब्लोन याने तीन धातुपत्र्यांवरून एकावर एक ठसे घेऊन रंगीत चित्रे छापली, तेव्हा त्याने हेच तीन रंग धरले होते. त्या काळी झळझळीत आणि टिकाऊ मजेंटा उपलब्धच नव्हता. क्विनॅक्रिडोन रंगद्रव्ये १९५८ साली बाजारात आली आणि फ्थॅलो निळा १९३० च्या दशकात आला. जे हाताशी होते त्यावर जुन्या लोकांनी नियम बसवला. नवे हाताशी आल्यावरही आपण जुनाच नियम म्हणत राहिलो.

आपल्यासाठी माझी निवड अशी: पिवळ्यासाठी पीवाय १५४ किंवा त्याहून हिरवट हवा असेल तर पीवाय ३, किरमिजीसाठी पीव्ही १९ (म्हणजे वरचा क्विनॅक्रिडोन रोज) आणि निळ्यासाठी पीबी १५:३ (म्हणजे फ्थॅलो निळा). ही अक्षरे आणि आकडे म्हणजे रंगद्रव्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो आणि तो ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. पुढच्या बाजूचे मोठे नाव पाहून ट्यूब कधीही घेऊ नये, कारण एकाच नावाखाली दोन कंपन्या दोन वेगळी द्रव्ये भरतात, आणि नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल तर आत मूळ द्रव्य नसून त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काहीतरी असते. पाठीवर एकच क्रमांक असेल तीच ट्यूब प्राथमिक रंग म्हणून घ्यावी. ज्या ट्यूबमध्ये आधीच तीन द्रव्ये आहेत तिच्यात आपण आणखी दोन मिसळले की पाच जण मिळून उजेड गिळतात, आणि ज्याला आपण चिखल म्हणतो तो असाच होतो. एवढे एक ध्यानात असू द्या, की पीव्ही १९ या एकाच क्रमांकाखाली स्फटिकांच्या रचनेप्रमाणे दोन रंग येतात, एक गुलाबी आणि एक जांभळट. आपल्याला गुलाबी हवा आहे.

फ्थॅलो निळ्याबद्दल एक सावधगिरी. त्याची रंगवण्याची ताकद दांडगी असते. हिरवा करताना पिवळ्याच्या मोठ्या ओल्या थारोळ्यात निळा टाचणीच्या डोक्याएवढा घालावा. उलट क्रमाने गेलात तर अर्धी ट्यूब पिवळा ओतूनही निळा हटणार नाही. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाणी घेण्यासाठी. माझ्या टोपणनावाचे मूळ याच सवयीत आहे.

धुक्यातली टेकडी

वरचे शास्त्र बिनचूक आहे, पण सर्वांत जास्त छटा ज्यातून निघतात तो संच सर्वांत चांगला, हे गृहीतक मला मान्य नाही. चित्राला सगळ्या छटा लागत नाहीत, एकमेकींशी जमवून घेणाऱ्या छटा लागतात.

मी बहुतेक निसर्गचित्रे करतो आणि मजेंटा-सायनच्या त्रिकुटावर मी वर्षभर काम करून पाहिले आहे. फुले, पक्षी, रंगीत कापड यांसाठी ते बिनतोड आहे. पण ढगाळ आभाळ, दगड, वाळलेले गवत, जुनी भिंत असे काही रंगवायचे झाले की प्रत्येक वेळी तिन्ही भडक रंग एकत्र आणून त्यांची भांडणे मिटवत बसावे लागते. करडा रंग करायला घेतला की जरासा निळा जास्त पडला तर तो पोपटी-निळसर होतो, तो सुधारायला गुलाबी घातला की एकदम जांभळ्याकडे झुकतो, आणि या ओढाताणीत वॉश, म्हणजे कागदावर पसरलेला पाणीदार थर, सुकून जातो. अल्ट्रामरीन, म्हणजे पीबी २९, आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी या दोघांचा करडा तसा नाही. तो ब्रशच्या एका हेलकाव्यात थंड आणि दुसऱ्या हेलकाव्यात उबदार होतो, आणि कुठेही थांबलात तरी वाईट दिसत नाही.

शिवाय अल्ट्रामरीनला एक असा गुण आहे जो रंगचक्रावर मांडता येत नाही. त्याचे कण पाण्याबरोबर वाहतात आणि खडबडीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे सुकलेल्या वॉशमध्ये आपोआप एक रवाळ पोत येतो. लांबच्या डोंगरांसाठी मी दुसरे काही वापरतच नाही. फ्थॅलो निळा याच्या नेमका उलट: त्याचे कण अतिशय बारीक, वॉश काचेसारखा सपाट, आणि कागदाच्या तंतूंत एकदा शिरला की ओल्या ब्रशने उचलू म्हटले तरी निघत नाही. ज्याला चुका पुसत काम करायची सवय आहे त्याने हे आधी जाणून घ्यावे.

म्हणून आपली अल्ट्रामरीनची ट्यूब टाकून देऊ नका. तिच्याबरोबर पीव्ही १९ ठेवलात तर आपल्या फुलांचा जांभळा मिळेल, आणि तो फ्थॅलोवरून केलेल्या जांभळ्यापेक्षा मला अधिक मऊ वाटतो. फक्त हिरवा भडक मिळणार नाही, एवढेच. पण झाडांचे हिरवे नीट न्याहाळले तर ते तरी कुठे इतके भडक असतात?

यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (मातकट लाल) आणि अल्ट्रामरीन हेही एक प्राथमिक त्रिकूटच आहे. त्यातून ना झळझळीत नारिंगी निघतो ना जांभळा, आणि तरीही संध्याकाळचे अख्खे चित्र त्यात होते, कारण शेजारी मातकट रंग असले की साधा करडासुद्धा डोळ्यांना निळा वाटू लागतो.

खिडकीतली पट्टी

दोन्ही उत्तरांत एक मुद्दा राहिला, तो टिकाऊपणाचा. किरमिजी रंगाचा विषय निघाला की जुन्या याद्यांमध्ये अलिझरिन क्रिमसन हटकून सुचवलेले असते. ती ट्यूब घेण्याआधी पाठीमागचा क्रमांक पाहावा. तो पीआर ८३ असेल तर ती घेऊ नये. मिश्रणात हा रंग अतिशय देखणा आहे, परंतु अमेरिकेतल्या एएसटीएम मानकात त्याला उजेडातल्या टिकाऊपणाची चौथी श्रेणी आहे आणि चित्रासाठी पहिल्या दोन श्रेणींतलेच रंग घ्यावेत असा संकेत आहे. पातळ वॉशमध्ये तो सर्वांत आधी उडतो, आणि जलरंग म्हणजे बहुतांशी पातळ वॉशच. ऑरिओलिन, म्हणजे पीवाय ४०, हा पिवळाही प्राथमिक म्हणून पुष्कळ वाखाणला गेला आहे. तो कालांतराने मळकट तपकिरी पडतो. प्रशियन ब्लूची तर गंमतच आहे, उजेडात तो फिका होतो आणि काही काळ अंधारात ठेवला की बराचसा परत येतो.

हे नव्याने कळलेले आहे असेही नाही. रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ साली इंग्लंडमध्ये सादर केला होता, आणि उजेडाला हवा व दमटपणा यांची साथ मिळाली की रंग किती लवकर उडतात, तेही त्यात दाखवले होते.

कंपनीच्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा आपण स्वतः पाहावे, असे माझे मत आहे. चित्रासाठी वापरतो त्याच कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा एक गडद आणि एक पातळ पट्टा ओढावा, पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने घट्ट झाकावा, मागे तारीख लिहावी आणि ती ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवून टाकावी. तीन-चार महिन्यांनी काळा कागद काढला की सगळे कळते. माझ्या पट्टीवर पीआर ८३ चा पातळ पट्टा झाकलेल्या बाजूला गुलाबी होता आणि उघड्या बाजूला तिथे काही रंगवले होते की नाही, अशी शंका यावी इतका पुसट झाला होता. त्याच पट्टीवरच्या पीव्ही १९ मध्ये मला फरक दिसला नाही. मजेंटाच्या अधिक जवळ जाणारे पीआर १२२ हेही द्रव्य मिळते, परंतु ते जलरंगात पीव्ही १९ पेक्षा किंचित कमी टिकाऊ मानले जाते.

जाता जाता आणखी एक सांगतो: कॅडमियमचे रंग वापरताना ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी.

ओला कागद

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तोंडी आभार मानण्यापेक्षा करून पाहावे असे वाटले. पीव्ही १९, पीबी १५:३ आणि पीवाय १५४ आणले, आणि दोन दोन रंगांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीच्या सात घरांच्या पट्ट्या रंगवल्या. जुन्या तीन रंगांच्याही तशाच पट्ट्या करून शेजारी लावल्या.

गुलाबीत पिवळा ओढत लाल करण्याचा प्रयोग मी सलग चार वेळा केला. खरे सांगायचे तर पहिल्या वेळी माझा विश्वासच बसला नाही आणि ब्रशमध्ये जुना कॅडमियम रेड राहिला असेल असे समजून मी ब्रश पुन्हा धुतला. जांभळाही मिळाला. पण मला सर्वांत आवडलेली पट्टी अनपेक्षित निघाली: अल्ट्रामरीन आणि पीव्ही १९ यांची. तिच्यातले मधले तीन चौकोन म्हणजे माझी फुले आहेत.

दोन अडचणी मात्र आल्या. फ्थॅलो आणि पिवळा यांचा हिरवा प्लास्टिकच्या खेळण्यासारखा दिसतो, पानांना तो शोभत नाही. दुसरे असे, की ओला असताना अगदी बरोबर वाटलेला जांभळा सुकल्यावर फिका आणि निस्तेज झाला. आता चौथी ट्यूब म्हणून अल्ट्रामरीन ठेवावी, असे मनात आहे. कॅडमियमच्या दोन ट्यूबचे काय करावे?

दोन भांडी

हिरव्याची तक्रार रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय आपल्या बशीतच आहे. त्या हिरव्यात पीव्ही १९ चे जरासे बोट लावा. गुलाबी हा हिरव्याचा विरोधी रंग असल्यामुळे तो त्याचा भडकपणा मारतो आणि पानांचा खोल, किंचित तपकिरी हिरवा तयार होतो. वेगळा करडा किंवा काळा त्यात घालू नका, कारण मग तो हिरवा चित्रातल्या फुलांपासून तुटतो. गुलाबी मात्र दोन्हीकडे असल्यामुळे फूल आणि पान एकाच उजेडातले वाटतात.

सुकल्यावर फिके पडणे हा जलरंगाचा स्वभावच आहे, ट्यूब कितीही भारी असली तरी तो बदलत नाही. बशीत जेवढा हवा त्याहून एक पायरी गडद मिसळायचा आणि शंका आली तर त्याच कागदाच्या कपट्यावर सुकवून पाहायचा. निस्तेजपणाचे कारण बहुधा वेगळे असावे: ओला वॉश अर्धवट सुकत आलेला असताना त्यावरून पुन्हा ब्रश फिरवला गेला असेल. जांभळा बशीत मिसळण्याऐवजी एकदा थरांनी करून पाहा. आधी पाकळीवर पीव्ही १९ चा पातळ थर द्या, तो हाताला गार लागेनासा होईपर्यंत पूर्ण सुकू द्या, आणि मग फक्त सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीनचा एकच हात फिरवा. खालचा गुलाबी वरच्या निळ्यातून दिसतो आणि पाकळीची कड उजळ राहते.

अल्ट्रामरीन चौथा म्हणून ठेवाच. कॅडमियमचा पिवळा पाचवा म्हणून ठेवता येईल, उबदार उन्हासाठी तो पीवाय १५४ पेक्षा सरस आहे. फक्त तो अपारदर्शक आहे हे विसरू नका आणि वरच्या थरांत वापरू नका, खालचे सगळे झाकले जाते. कॅडमियम रेड मी स्वतः क्वचितच उघडतो. जिथे लाल रंग सपाट, घट्ट आणि ठाम हवा असतो, एखाद्या फुलाच्या मधल्या ठिपक्यापुरता, तिथेच तो कामी येतो.

धुक्यातली टेकडी

त्या सात घरांच्या पट्ट्यांच्या मागे ट्यूबचे क्रमांक आणि कागदाचे नाव आजच लिहून ठेवा. माझ्याकडे अशा तीसेक पट्ट्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत सुंदर पट्टीवरचे दोन रंग कोणते होते, ते मला आजतागायत आठवलेले नाही.